घराण्यातील पक्षाघात आणि जनुकीय चाचणीचा अहवाल

सिडकोवासी

सर्वांना नमस्कार. मी ४१ वर्षांचा असून नाशिकच्या सिडकोत राहतो आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात काम करतो. आमच्या घरात पक्षाघाताच्या तीन घटना घडल्या आहेत. आजोबांच्या अंगावरून वारे गेले तेव्हा ते सत्तरीच्या आसपास होते आणि गावाकडे त्यांना तेलाच्या मालिशीखेरीज कोणताही उपचार मिळाला नाही. वडिलांना २०१९ मध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी, पहाटे चहा घेताना झटका आला. कप हातातून सुटला आणि तो उचलायला वाकलेले वडील परत उठू शकले नाहीत. धाकट्या काकांची तर वयाच्या ५१ व्या वर्षीच वाचा गेली. दोघांच्याही मेंदूत रक्तस्राव झाला नव्हता, रक्ताची गुठळी अडकली होती, एवढे आम्हाला सांगण्यात आले होते.

मागील महिन्यात आमच्या कारखान्यात एका खासगी प्रयोगशाळेचे शिबिर झाले आणि तेथे मी जनुकीय तपासणीचे पॅकेज घेतले. अहवालात लाल चौकटीत लिहिले आहे की ‘एमटीएचएफआर सी६७७टी’ या जागी माझ्या जनुकाची एक प्रत बदललेली आहे आणि त्यामुळे मला पक्षाघाताचा धोका वाढलेला आहे. त्याचा अर्थ समजावून सांगायला तेथे कोणीही नव्हते. ते पान वाचल्यापासून रात्री झोप लागत नाही. हा आजार आमच्या रक्तातच आहे का, या अहवालाचा नेमका अर्थ काय, आणि माझ्या १२ वर्षांच्या मुलीचीही तपासणी करून घ्यावी का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त प्राध्यापक, नाशिक रोड

मी वैद्य नाही. महाविद्यालयात अनेक वर्षे जीवशास्त्र शिकवले, त्या आधारावर पहिल्या प्रश्नापुरते लिहितो.

‘आनुवंशिक’ हा एकच शब्द आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो आणि सगळा गोंधळ तेथून सुरू होतो. काही थोड्या कुटुंबांत एकाच जनुकातील एकच बिघाड आजार घडवून आणतो आणि तो पुढच्या पिढीकडे ठरावीक हिशेबाने जातो. बहुतांश कुटुंबांत मात्र शेकडो ठिकाणचे अतिशय सूक्ष्म फरक असतात. त्यांतील प्रत्येक फरक धोका किंचित वाढवतो किंवा कमी करतो, आणि एकट्याने कोणताही फरक कोणालाही आजारी पाडत नाही. २०२२ मध्ये ‘गिगास्ट्रोक’ या आंतरराष्ट्रीय गटाने १,१०,१८२ पक्षाघात झालेल्या आणि सुमारे १५ लाख न झालेल्या व्यक्तींच्या जनुकसंचांची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांना असे फरक गुणसूत्रांवरील ८९ ठिकाणी आढळले. या अभ्यासातील बहुतेक लोक युरोपीय आणि त्याखालोखाल पूर्व आशियाई वंशाचे होते, आपल्याकडचे फारच थोडे. म्हणून त्यावरून काढलेले धोक्याचे गुणांक जसेच्या तसे आपल्याला लावणे मला धाडसाचे वाटते.

२०१२ च्या एका अभ्यासात गुठळीमुळे होणाऱ्या पक्षाघाताची आनुवंशिकता सुमारे ३८ टक्के असल्याचे अनुमान आले होते. हा आकडा वाचून अनेक जण समजतात की आपल्याला होणाऱ्या आजारातला ३८ टक्के वाटा वडिलांकडून आला. तसा त्याचा अर्थ नाही. आपल्या दिंडोरी-निफाडकडची द्राक्षबाग डोळ्यांसमोर आणावी. बागेतील सर्व वेली एकाच थॉमसन वाणाच्या कलमांपासून वाढवलेल्या असतील आणि तरीही एका ओळीतले घड टपोरे, तर दुसऱ्या ओळीतले बारीक निघाले, तर तो फरक पाण्याचा, मातीचा किंवा छाटणीचा असतो. वेलींची जनुके सारखीच असल्यामुळे त्या बागेतील फरकाची आनुवंशिकता शून्य येते. शेजारच्या बागेत पाच वाण मिसळलेले असतील आणि पाणी-खत सर्वांना सारखे असेल, तर तेथे तीच आनुवंशिकता भरपूर येईल. म्हणजे हा आकडा एखाद्या समूहातील माणसामाणसांमधल्या फरकाविषयी बोलतो. एका माणसाच्या नशिबाविषयी नाही.

त्याच अभ्यासातील पुढची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. मोठ्या रक्तवाहिन्यांतील चरबीच्या थरामुळे होणाऱ्या पक्षाघातात आनुवंशिकता सुमारे ४० टक्के, हृदयातून सुटलेल्या गुठळीमुळे होणाऱ्या पक्षाघातात सुमारे ३३ टक्के, तर मेंदूतील बारीक वाहिन्या बंद झाल्याने होणाऱ्या पक्षाघातात केवळ १६ टक्क्यांच्या आसपास आली. वरवर हात-पाय लुळे पडणे सारखेच दिसत असले तरी त्याच्या मुळाशी निरनिराळे आजार असतात आणि त्यांची जनुकेही निरनिराळी असतात. तेव्हा तुमच्या वडिलांना आणि काकांना एकाच प्रकारचा पक्षाघात झाला होता का, हे आधी समजायला हवे.

एक वाचक, मखमलाबाद

माझ्या मेहुण्यांच्या अहवालातही हेच ‘एमटीएचएफआर’ आले होते. त्यांनी बी-१२ ची इंजेक्शने आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्या सुरू केल्या आहेत. तुम्हीही तेवढे करावे, म्हणजे चिंतेचे कारण उरणार नाही.

फिजिशियन, गंगापूर रोड

मखमलाबादच्या वाचकांनी आपुलकीने लिहिले आहे, परंतु तेवढ्यावर चिंता मिटली असे मानणे धोक्याचे ठरेल, म्हणून सविस्तर लिहितो.

एमटीएचएफआर हे जनुक फॉलिक अॅसिडचा वापर करणारे एक विकर (एन्झाइम, म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) कसे तयार करायचे ते सांगते. त्याच्या ६७७ व्या स्थानी एक अक्षर बदललेले असल्यास तो विकर थोडा मंद चालतो आणि रक्तात होमोसिस्टीन नावाचे द्रव्य साचू शकते. ते फार वाढले तर रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराला इजा पोहोचते. दोन्ही प्रती बदललेल्या असतील आणि आहारात फॉलिक अॅसिडही कमी असेल, तर हा परिणाम मोजण्याइतपत होतो. प्रश्नकर्त्यांची एकच प्रत बदललेली आहे. असे लोक जगभर कोट्यवधी आहेत आणि केवळ त्या एका प्रतीमुळे पक्षाघाताचा धोका वाढतो असे म्हणायला आधार नाही. अमेरिकेतील वैद्यकीय आनुवंशिकीतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्येच, गुठळ्यांच्या आजाराची कारणे शोधताना ही चाचणी करू नये, अशी शिफारस केली आहे. ज्या पानामुळे आपली झोप उडाली, ते लाल चौकटीत छापायला नको होते.

आपल्याकडे होमोसिस्टीन वाढण्याचे मुख्य कारण बहुतेक वेळा हे जनुक नसून बी-१२ ची कमतरता असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००१ मध्ये हे दाखवून दिले होते आणि शाकाहारी घरांत आम्हाला रोजच त्याचा प्रत्यय येतो. म्हणून बी-१२ ची पातळी तपासावी आणि ती कमी असल्यास भरून काढावी, कारण त्या कमतरतेने नसांनाही त्रास होतो. फॉलिक अॅसिडचा पक्षाघात टाळण्यासाठी सर्वांत ठळक उपयोग दिसला तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधील एका मोठ्या चाचणीत. त्यात उच्च रक्तदाबाच्या २०,७०२ रुग्णांपैकी निम्म्यांना रक्तदाबाच्या गोळीसोबत फॉलिक अॅसिड दिले होते आणि साडेचार वर्षांत पहिल्या पक्षाघाताचे प्रमाण ३.४ टक्क्यांवरून २.७ टक्क्यांवर आले. मात्र त्या चाचणीतील प्रत्येक रुग्णाला रक्तदाबाची गोळी मिळतच होती, हे विसरून चालणार नाही.

आता प्राध्यापक सरांनी उपस्थित केलेल्या मुद्द्याकडे वळतो, कारण खरे उत्तर तेथेच आहे. वडिलांचे आणि काकांचे डिस्चार्ज कार्ड शोधून काढावे. त्यांत पाच गोष्टी पाहाव्यात: दाखल झालेल्या दिवशीचा ईसीजी, हृदयाची टू-डी एको, मानेतील रक्तवाहिन्यांचा डॉप्लर, मेंदूच्या एमआरआयचे वर्णन आणि घरी जाताना लिहून दिलेल्या गोळ्या. विशेषतः दोघांपैकी कोणाला दर महिन्याला रक्त देऊन आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे मोजमाप) तपासावा लागतो का, ते कळवावे. मुलीविषयीचा प्रश्न हे कागद पाहिल्यावर घेऊ; तोवर तिची कोणतीही चाचणी करू नये.

इंदिरानगरची वाचक

प्राध्यापक सरांनी ज्या थोड्या कुटुंबांचा उल्लेख केला, त्यांपैकी एक कुटुंब आमचे आहे.

माझ्या आईला तिशीपासून अर्धशिशीचा त्रास होता. डोके दुखू लागण्यापूर्वी तिला डोळ्यांसमोर चमकणाऱ्या नागमोडी रेषा दिसायच्या आणि मग ती स्वयंपाकघरातला दिवा मालवून ओट्याला टेकून उभी राहायची. तिला ना मधुमेह होता, ना रक्तदाब, ना कोणते व्यसन. तरीही ४७ व्या वर्षी तिला पहिला पक्षाघात झाला आणि तीन वर्षांत दुसरा. पुढे पुढे तिला भाजीचा हिशेब जमेनासा झाला, बोलता बोलता ती रडू लागायची, आणि आम्ही त्याला मनाचा कमकुवतपणा समजत राहिलो, याचे मला आजही वाईट वाटते. मुंबईच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी एमआरआय खिडकीसमोर धरून आम्हाला दाखवले की दोन्ही कानशिलांच्या मागे, मेंदूच्या त्या भागाच्या अगदी टोकाशी, पांढरे डाग आहेत आणि साध्या रक्तदाबाच्या रुग्णांत ते सहसा त्या जागी नसतात. त्यावरून त्यांनी १९ व्या गुणसूत्रावरील नॉच-३ या जनुकाची तपासणी करायला सांगितली. ‘कॅडासिल’ असे या आजाराचे नाव आहे. त्याचे जनुक १९९६ मध्ये सापडले. या बिघाडामुळे मेंदूतील बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत एक सदोष प्रथिन साचत जाते. आई किंवा वडील यांपैकी एकाला तो असला तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते, मग ते मुलगा असो वा मुलगी.

आमच्या जनुकीय समुपदेशकांनी चाचणीआधी दोन वेळा बोलावून घेतले, निकाल कळल्यावर आयुष्यात काय बदलेल आणि काय बदलणार नाही हे विचारले, आणि मगच रक्त घेतले. मी चाचणी करून घेतली, माझ्या भावाने केली नाही, आणि दोघांचेही निर्णय योग्य आहेत असे मी मानते. हा आजार बरा करणारे औषध अजून नसल्यामुळे माझ्या मुलांची तपासणी त्यांच्या लहानपणी करू नये. ती सज्ञान झाल्यावर त्यांनी स्वतः ठरवावे, असे आम्हाला स्पष्ट सांगण्यात आले. धूम्रपान आणि वाढलेला रक्तदाब यांमुळे या आजारातही पक्षाघात लवकर गाठतो, म्हणून आमच्या घरात या दोन गोष्टींबाबत कोणालाही सवलत नाही.

दादा, तुमच्या घरात कोणाला अर्धशिशी किंवा कमी वयात विसरभोळेपणा होता का, ते घरातील वडीलधाऱ्या बायकांना जरूर विचारा. पुरुषांना हे आठवत नाही.

आरोग्यसेविका, सुरगाणा

विषय लांबतो आहे याची जाणीव आहे, पण आमच्या भागापुरते एक लिहिते. सुरगाणा, पेठ, कळवण या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण आहेत आणि या आजारात अगदी लहान मुलांनाही पक्षाघात होऊ शकतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या जागचा एक घटक बदलतो, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि मेंदूकडे जाणाऱ्या वाहिन्या हळूहळू अरुंद होतात. अमेरिकेतील जुन्या नोंदींनुसार, वेळेवर तपासणी न झालेल्या अशा रुग्णांपैकी सुमारे ११ टक्क्यांना विसाव्या वर्षापर्यंत पक्षाघात होत असे. आपल्याकडच्या रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन बरेचदा जास्त टिकून राहते आणि आजार काहीसा सौम्य असतो, पण प्रत्येकाचा तसा नसतो. डोक्याच्या डॉप्लरने वाहिनीतील रक्ताचा वेग मोजता येतो, आणि तो फार वाढलेला आढळल्यास नियमित रक्त दिल्याने पहिला पक्षाघात ९० टक्क्यांहून अधिक प्रमाणात टळतो, हे १९९८ च्या चाचणीत सिद्ध झाले आहे.

२०२३ पासून राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची मोफत तपासणी होते. आमच्याकडे तरुणांना लग्न ठरवताना पत्रिकेतले गुण जुळवण्याआधी सिकलसेलचे कार्ड जुळवायला सांगावे लागते, आणि ते आता ऐकूही लागले आहेत. ज्यांच्यात एकच दोषी प्रत आहे ते वाहक असतात, रुग्ण नसतात. त्यांनी घाबरू नये.

सिडकोवासी

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी लोखंडी कपाट रिकामे करून दोन्ही फायली बाहेर काढल्या.

डॉक्टरसाहेब, आपण विचारलेला आयएनआर वडिलांचाच होतो. गेली सहा वर्षे दर महिन्याला मी त्यांना रक्त द्यायला नेतो आहे, पण ती तपासणी कशासाठी होते, हे मी कधी विचारलेच नाही. गोळ्या ‘रक्त पातळ होण्याच्या’ आहेत एवढेच ठाऊक होते. त्यांच्या कार्डावर ‘एट्रियल फिब्रिलेशन’ असे लिहिलेले आहे. एकोमध्ये झडपा चांगल्या असून डावा वरचा कप्पा मोठा झाल्याचे नमूद आहे. रक्तदाब त्यांना त्याआधी पंधरा वर्षांपासून होता आणि बरे वाटले की ते गोळी बंद करीत.

काकांचा ईसीजी साधा आहे. मात्र त्यांच्या मानेच्या डॉप्लरमध्ये डाव्या बाजूची रक्तवाहिनी ७० टक्क्यांहून अधिक अरुंद झाल्याचे लिहिले आहे. काका दिवसाला दोन पाकिटे सिगारेट ओढत असत. त्यांना क्लोपिडोग्रेल ही गुठळी रोखणारी गोळी चालू आहे.

आईला आणि आत्याला ताईंनी सुचवल्याप्रमाणे विचारले. अर्धशिशी किंवा कमी वयातला विसरभोळेपणा दोघींनाही कोणाचा आठवत नाही.

फिजिशियन, गंगापूर रोड

आपण फार मोलाचे काम केलेत. आता चित्र स्पष्ट दिसते: आपल्या वडिलांना आणि काकांना झालेले पक्षाघात हे दोन निरनिराळे आजार आहेत.

वडिलांच्या हृदयाचे वरचे कप्पे नियमित आकुंचन न पावता थरथरत होते (हेच एट्रियल फिब्रिलेशन), त्यामुळे तेथे रक्त साचून गुठळी झाली आणि ती सुटून मेंदूत जाऊन अडकली. आपल्या देशात अशा वेळी लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झाली आहे का, हे प्रथम पाहावे लागते, कारण तसे असल्यास त्याचा घराण्याशी फारसा संबंध राहत नाही. वडिलांच्या झडपा चांगल्या आहेत, म्हणजे वर्षानुवर्षे अनियमित उपचार मिळालेला रक्तदाब हे मोठे कारण उरते आणि त्याच्या जोडीला काही आनुवंशिक कल असू शकतो. या थरथरीशी सर्वांत घट्ट जोडला गेलेला जनुकीय फरक चौथ्या गुणसूत्रावर, पिटएक्स-२ या जनुकाजवळ, २००७ मध्ये सापडला. गर्भात हृदय घडत असताना डावी बाजू डावी राहावी आणि ठोके सुरू करणारे केंद्र केवळ उजवीकडेच तयार व्हावे, हे पाहण्याचे काम ते जनुक करते. त्याच्या नियंत्रणातील लहानसा फरक साठ वर्षांनी हृदयाच्या तालात उमटतो, हे मला आजही विलक्षण वाटते. तरीही त्या जनुकाची चाचणी आपण करू नये असेच मी सांगेन. ही थरथर साध्या ईसीजीत दिसते आणि मनगटावरची नाडी एक मिनिट मोजली तरी तिच्या अनियमितपणाचा संशय घेता येतो. जनुकाचा अहवाल याहून अधिक काही सांगणार नाही. झडपा चांगल्या असल्यामुळे वडिलांसाठी आयएनआर न लागणाऱ्या नव्या गोळ्यांचा पर्याय आहे का, हे त्यांच्या हृदयविकारतज्ज्ञांना विचारावे. सध्याची गोळी चालू आहे तोवर मेथी-पालक एकदम वाढवू नये आणि एकदम बंदही करू नये.

काकांच्या मानेतील रक्तवाहिनीत चरबीचा थर जमला होता. त्यालाही जनुके हातभार लावतात. सातव्या गुणसूत्रावरील एचडीएसी-९ आणि नवव्या गुणसूत्रावरील एक जागा त्यासाठी ओळखली जाते. पण दिवसाला दोन पाकिटांसमोर त्या फरकांचे वजन फार थोडे आहे. ब्रिटनमध्ये २०१८ मध्ये तीन लाखांहून अधिक लोकांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वाईट जनुकसंच असलेल्यांचा धोका चांगला जनुकसंच असलेल्यांपेक्षा ३५ टक्के अधिक, तर धूम्रपान, चुकीचा आहार, लठ्ठपणा आणि बैठेपणा असलेल्यांचा धोका चांगल्या सवयी असलेल्यांपेक्षा ६६ टक्के अधिक निघाला. काकांसाठी जर एखादी जनुकीय चाचणी उपयोगी असेलच, तर ती वेगळ्याच कारणासाठी. क्लोपिडोग्रेल यकृतातील सीवायपी-२सी-१९ या विकराने बदलल्यावरच काम करते आणि या विकराचे मंद प्रकार आपल्या लोकांत युरोपीय लोकांपेक्षा अधिक आढळतात. गोळी नियमित घेऊनही पुन्हा लक्षणे दिसली, तर त्यांच्या डॉक्टरांशी याविषयी बोलावे. एकदा झाली की ती चाचणी आयुष्यभर पुरते. मानेतील अरुंद वाहिनीविषयी रक्तवाहिनीतज्ज्ञांचे मत घेतले होते का, हेही पाहावे.

आता आपल्याविषयी. वयाच्या ६५ वर्षांपूर्वी आई किंवा वडिलांना पक्षाघात झाला असेल तर अपत्याचा धोका सुमारे तिप्पट असतो, असे अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावाच्या दीर्घकालीन अभ्यासात २०१० मध्ये दिसले होते, आणि वडील तेव्हा ६३ वर्षांचे होते. म्हणून ईसीजी, रक्तदाब, साखर, चरबीचे प्रमाण, बी-१२ आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए (रक्तातून चरबी वाहून नेणारा एक कण) एवढे तपासून घ्यावे. लायपोप्रोटीन-ए ची पातळी बहुतांशी जनुकांनीच ठरते, आणि घराण्याविषयी काही कळायचे असेल तर लाल चौकटीतल्या त्या जनुकापेक्षा ते या साध्या रक्ततपासणीतून अधिक कळेल. रक्तदाब घरी, सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटे शांत बसून, सात दिवस मोजावा. कॅडासिलची शंका घेण्यासारखे आपल्या कुटुंबात काहीही दिसत नाही. मुलीची कोणतीही जनुकीय चाचणी करू नये. तिला सध्या त्याचा कोणताही उपयोग नाही.

निवृत्त प्राध्यापक, नाशिक रोड

एक विनंती. ही सगळी माहिती आठवणीवर ठेवू नका. एका कागदावर वंशवेल काढा: पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, आजारी व्यक्तीचे चिन्ह भरलेले, आणि शेजारी वय व निदान. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत अनेक घरांत होती. तसे कोठे झाले असल्यास दुहेरी रेघ ओढा, कारण दोन्हीकडून दोषी प्रत आल्यावरच दिसणारे आजार तेथे डोके वर काढतात. पुढे कधी समुपदेशकांकडे जावे लागलेच, तर ते प्रथम हाच कागद मागतील.

सिडकोवासी

काल ईसीजी काढला, तो व्यवस्थित आहे. बी-१२ कमी निघाले असून इंजेक्शने सुरू केली आहेत. घरी सात दिवस घेतलेल्या रक्तदाबाची सरासरी १४६/९२ आली, आणि मला आजवर त्याची काहीच कल्पना नव्हती. आमच्या डॉक्टरांनी कालपासून गोळी लिहून दिली आहे.

वंशवेल मुलीने आखून दिली. तिला कारण विचारल्यावर मी खरे ते सांगितले. आत्याकडून कळले की आजी ही आजोबांच्या सख्ख्या मामाची मुलगी होती, म्हणून तेथे दुहेरी रेघ आली आहे. वडिलांच्या चौकोनाशेजारी ‘हृदयाची थरथर, ६३’ आणि काकांच्या शेजारी ‘मानेतील वाहिनी, ५१’ असे लिहिले आहे. आजोबांच्या चौकोनाशेजारी काय लिहावे हे मुलीने विचारले. ‘अंगावरून वारे गेले, वय अंदाजे ७०, प्रकार माहीत नाही’ एवढेच लिहिता आले.